उद्देशाचा रकाना

नेब्रास्कात, लिंकनच्या सरकारी इमारतीच्या तळमजल्यावर
एकोणीस वर्षं मी एकच रकाना वाचते आहे:
'संस्थेचा उद्देश'. खाली तीन ओळी मोकळ्या.

ओमाहाच्या अर्जांना तीन ओळी पुरत नाहीत.
ते पुरवण्या जोडतात, टाचणीला जड जाईल इतक्या.
भाडं थकलेल्यांना वकील मिळावा म्हणून.
मूत्रपिंडाच्या रुग्णांची ने-आण करण्यासाठी.
कारेन पोरांनी शनिवारी आपली अक्षरं गिरवावीत म्हणून.
ऑपेरासाठी.
ऑपेराला मदत करणाऱ्यांच्या मदतीसाठी.
एकाच पुलाखालच्या मांजरांसाठी दोन संस्था,
एकमेकींशी अबोला धरलेल्या.
शहरात शेजाऱ्याचं दुखणं भिंतीपलीकडे राहतं,
मग त्याला दार लागतं, दाराला पाटी,
पाटीला खजिनदार.

आणि पश्चिमेकडून, वाळूच्या टेकड्यांतून,
जिथे माणसांपेक्षा गुरं जास्त
आणि गुरांपेक्षा वारा,
तिथून येतात पेन्सिलीने भरलेले कागद.
उद्देश: आग विझवणे
बस्. पूर्णविरामसुद्धा नाही.
उद्देश: शाळा बंद झाली, घंटा सांभाळणे
उद्देश: किराणा दुकान चालू ठेवणे
(पुढचं बासष्ट मैलांवर)
आणि खाली सह्या बघाव्यात तर त्याच.
बंबाचा चालक दुकानाचा अध्यक्ष,
त्याची बायको घंटेची चिटणीस,
मेव्हणा सगळीकडे हिशेबतपासनीस.
सुरुवातीला मला हसू यायचं.

मार्चमध्ये लिंडेल दफनभूमी मंडळाचा अर्ज आला,
विसर्जनाचा.
सभासद: एक. एमिल वोन्द्राचेक, वय ऐंशी.
मालमत्ता: गवत कापायचं यंत्र, दोनशे बारा डॉलर,
सहा एकर, त्यात एकतीस थडगी,
तारेचं कुंपण, तीन बाजूंनी.
कारण: गुडघे.

कायदा सांगतो, उरलंसुरलं
सारख्या उद्देशाच्या संस्थेला द्यावं.
तिचं नाव लिहायची जागा कोरी होती,
समासात बारीक अक्षरांत:
तुमच्या माहितीत कुणी आहे का?

आम्ही सल्ला देत नाही.
माझ्या डोक्यावरच तशी पाटी आहे, चौकटीत.

जेवणाच्या सुट्टीत मी कपाटं उघडली.
नाटकवाले, कुत्रेवाले, जामीन भरणारे,
व्यसन सुटलेल्यांची गोलंदाजी,
आणि मग एक पातळ फाइल, ओमाहाचीच,
पत्ता मांसाच्या कारखान्यामागचा.
उद्देश: आपलं माणूस गेलं तर खर्च वाटून घेणे,
त्याला एकटं मातीत जाऊ न देणे.
अध्यक्ष न्याकुओथ गात्लुआक.
सभासद दोनशे सहा.
जमीन: नाही.

मी त्या पानाची प्रत काढली,
घडी घातली, पाकिटात सरकवली.
चिठ्ठी लिहिली नाही.
तिकीट माझ्या पर्समधलं.

मे महिन्यात एमिलचं पत्र, पेन्सिलीतच:
'दोन गाड्या भरून आले. साडेचार तास लागले त्यांना.
बायकांनी दगडांवरची नावं मोठ्यानं वाचली,
सगळी चुकीची. माझ्या आईचं तर फारच.
मी नीट म्हणून दाखवलं.
मग त्यांनी त्यांची नावं सांगितली
आणि मी चुकलो.
एका पोराला हसू आवरेना, त्याला कुणी दटावलं नाही.
चौथ्या बाजूला कुंपण नको म्हणाले.
मी हो म्हटलं, मलाही तिकडचा खर्च टाळायचाच होता.

आता एवढंच सांगा,
यंत्राचा चोक दोनदा ओढावा लागतो,
पहिल्यांदा हळू.
हे फॉर्मवर कुठे लिहायचं?'

मी फॉर्म पालथा केला, सुलटा केला.
मालमत्तेत बसेना, शेऱ्यात बसेना.
शेवटी लाल शाईने एक बाण काढला,
उद्देशाच्या रकान्याकडे,
तिथे अडीच ओळी अजून मोकळ्या होत्या,
आणि परतीच्या टपालात टाकला.